‘आपल्याला’ मिळालेले सुवर्णकमळ

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सुवर्णकमळ मराठी चित्रपटाला मिळाले, की आमच्या सीमाभागात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘आपल्याला मिळालं!’ यातल्या ‘आपल्याला’ या शब्दापाशी मी अडखळतो. चित्रपट कुणाचा, त्यात आहे काय, तो पाहिला का, हे प्रश्न नंतरचे. पुष्कळदा ते विचारलेही जात नाहीत.

हा आनंद खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. जिथे दुकानाच्या पाटीवरचे अक्षरही वादाचा विषय होते, तिथे दिल्लीत मराठीचा सन्मान झाल्याचे अप्रूप वाटणारच. शिवाय वाटही फार पाहावी लागली. १९५४ साली हे पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. त्यानंतर थेट संदीप सावंत यांचा ‘श्वास’, २००४ साली. मध्ये पन्नास वर्षे गेली. ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला निघाला, तेव्हा तिकडच्या प्रचारासाठी लोकांनी पदरचे पैसे दिले. नामांकन हुकले, तर घरचे कार्य मोडल्यासारखी हळहळ झाली.

परंतु याच पन्नास वर्षांत कन्नड चित्रपटाने हा मान सहा वेळा मिळवला : ‘संस्कार’, ‘चोमन दुडी’, ‘घटश्राद्ध’, ‘तबरन कथे’, ‘तायी साहेबा’ आणि ‘द्वीप’. शेवटचे चारही गिरीश कासरवल्ली यांचे. कन्नड आम्हाला बाजारात येते, कचेरीत येते, बसमध्ये येते. चित्रपटगृहाच्या दारात मात्र ती परकी होते. ‘द्वीप’ पाहिलेला मराठी रसिक मला क्वचितच भेटला. धरणाचे पाणी चढत असताना आपली टेकडी न सोडणाऱ्या कुटुंबाची ही गोष्ट कोयनेचे विस्थापित पाहिलेल्या मुलखाला परकी का वाटावी?

२०१२ साली उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ला ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत सुवर्णकमळ विभागून मिळाले. आमच्या मंडळींना खंत वाटली ती वाटेकरी आल्याची. ब्यारी ही कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची एक लहानशी बोली आहे, आपल्यासारखीच मोठ्या भाषांच्या सावलीत जगणारी, हे कुणाच्या मनातही आले नाही. २०१७ साली सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’चा जयजयकार एप्रिलमध्ये झाला, चित्रपट लागला ऑक्टोबरमध्ये! टाळी भाषेला पडत होती, चित्रपटाला नव्हे.

आणि नेमके हेच दुखणे सांगणारा चित्रपटही त्या मानकऱ्यांत आहे : चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, २०१५ सालचा विजेता. एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप नारायण कांबळे या लोकशाहिरावर येतो, तो खटला यात आहे. सरकारी वकील नूतन ही खलनायिका नव्हे. कोर्टातून सुटल्यावर ती मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर एका परप्रांतीयाची रेवडी उडवली जाते आणि प्रेक्षागृह टाळ्या पिटते. नूतनही त्यात असते. दिग्दर्शक काही बोलत नाही. आपल्याला त्या प्रेक्षकांतच बसवून ठेवतो. ज्या सुखाने ते नाटक पाहिले जाते, त्याच सुखाने शाहिराला तुरुंगात ठेवण्याची मागणीही होऊ शकते, हे हळूहळू उमगते. या दृश्याचे बळ त्याच्या साधेपणात आहे. कुणी दुष्ट नाही, म्हणूनच अंगावर काटा येतो.

आम्हा सीमावासीयांना तर हे दृश्य अधिक झोंबायला हवे. आपल्याच गावात परका ठरणे म्हणजे काय, ते आम्ही जाणतो. मग मुंबईत दुसऱ्या कुणाला परका ठरवून उठणारे हसू आमच्या कानाला गोड कसे लागेल? पण ‘आपल्याला मिळालं’ म्हणणाऱ्या रसिकाला हा प्रश्न पडण्यासाठी आधी तिकीट काढून आत बसावे लागते.

पुढच्या वेळी वाचनालयांनी अभिनंदनाचा ठराव अवश्य मांडावा. त्याआधी ‘द्वीप’ आणि ‘कोर्ट’ लागोपाठ दाखवावेत, शेजारच्या कन्नड मंडळींनाही बोलवावे. नाटकाच्या त्या दृश्यापाशी कोण हसते आणि कोण गप्प बसते, ते मला पाहायचे आहे.