सोयाबीनयुक्त आहार आणि फुप्फुसाचा कर्करोग : एका निष्कर्षाची चिकित्सा

सोयाबीनयुक्त आहाराने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २३ टक्क्यांनी घटतो, या विधानाचे मूळ २०११ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संयुक्त विश्लेषणात आहे. ११ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून संशोधकांनी सोयापदार्थ सर्वाधिक खाणारे आणि सर्वांत कमी खाणारे यांची तुलना केली. सापेक्ष धोका ०.७७ निघाला. विश्लेषण काटेकोर आहे. आक्षेप घ्यावा लागतो तो या आकड्याच्या वाचनावर. सोया अधिक खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो आणि सोया खाल्ल्याने हा रोग टळतो, ही दोन भिन्न विधाने होत. आहारविषयक लोकप्रिय लेखनात पहिल्याच्या जागी दुसरे सहज येऊन बसते.

या ११ पैकी ८ अभ्यास रुग्ण-नियंत्रण पद्धतीचे आहेत. त्यांत रोगाचे निदान झाल्यानंतर रुग्णाला पूर्वीच्या आहाराविषयी विचारले जाते. आजाराने भूक व खाणे बदललेल्या माणसाची स्मृती निरोगी माणसाच्या स्मृतीइतकी निःपक्ष राहील, हे गृहीतच मुळात नाजूक आहे. उरलेले ३ अभ्यास निरोगी व्यक्तींचा आहार आधी नोंदवून त्यांचा पुढे पाठपुरावा करणारे होते.

अशा पाठपुराव्याचा सर्वांत बोलका पुरावा शांघायमधून २०१२ मध्ये आला. ७१,५५० स्त्रियांचा सरासरी ९ वर्षे मागोवा घेतल्यावर ३७० जणींना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे आढळले. सोयाचे सर्वाधिक सेवन करणाऱ्या पाचव्या हिश्शातील स्त्रियांचा सापेक्ष धोका सर्वांत कमी सेवन करणाऱ्यांच्या तुलनेत ०.६३ होता. यांतील बहुसंख्य स्त्रियांनी कधीही धूम्रपान केलेले नव्हते. त्यामुळे हा केवळ सिगारेटच्या सवयीतील फरकाचा परिणाम असावा, अशी शंका येथे फारशी टिकत नाही. हे या अभ्यासाचे खरे बळ होय. सोयातील जेनिस्टाइन हे आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनच्या बीटा-ग्राहकाशी जोडले जाते आणि हा ग्राहक फुप्फुसाच्या पेशींतही असतो, म्हणून जैविक कारणही असंभाव्य नाही. तथापि प्रमाणाचे भान ठेवावयास हवे. ३७० रुग्ण म्हणजे ९ वर्षांत हजारी ५ हून थोडे अधिक. त्यात ३७ टक्क्यांची घट धरली, तरी फरक हजारी सुमारे दोघींचाच उरतो.

जपानमधील २०१० च्या मोठ्या अभ्यासात आयसोफ्लेव्होनचा असा संबंध कधीही धूम्रपान न केलेल्या पुरुषांत दिसला; सर्व पुरुष एकत्र घेतले असता तो दिसला नाही. धूम्रपानाने हा धोका १५ ते ३० पट वाढतो. ज्याला दिलाशाची सर्वाधिक गरज वाटते, त्या सिगारेट ओढणाऱ्या वाचकाला हे निष्कर्ष काहीच देत नाहीत. बातमीच्या मथळ्यात मात्र ही अट गळून पडते.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक अडचण आहे. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन प्रचंड पिकते. पण त्याचा मोठा भाग तेलगिरण्यांत जातो. आयसोफ्लेव्होन तेलात उतरत नाहीत, ते पेंडीत राहतात, आणि पेंड प्रामुख्याने जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्याकडे वळते. शांघायमधील स्त्रियांच्या आहारात टोफू आणि सोयादूध होते, येथील घरात पोहोचते ते शुद्ध केलेले तेल. सोयावडी किंवा गव्हाबरोबर दळलेले सोयाबीन हे त्याला अपवाद. येथे असा अभ्यास हाती घ्यावयाचा झाल्यास प्रश्नावलीत ‘सोयाबीन खाता का’ एवढे विचारून चालणार नाही. तेल, वडी व पीठ यांची नोंद वेगवेगळी ठेवावी लागेल, आणि स्वयंपाक कोणत्या इंधनावर, किती वर्षे केला, हेही त्या स्त्रियांना विचारावे लागेल.