अल्पाक्षर आणि असंदिग्ध : घरगुती त्वचानिगा-साधनाची मिनिमलिस्ट जाहिरात आणि अलिबागचा वाचक

गेल्या दशकभरात चेहऱ्याची निगा घरच्या घरी राखण्यासाठी वापरावयाची हातातली साधने मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आहेत. सूक्ष्म सुयांचा डर्मारोलर, दगडी रोलर, प्रकाशकिरणांचा मुखवटा ही त्यांची काही ठळक उदाहरणे होत. या साधनांच्या जाहिरातींचा एक ठरावीक साचा तयार झालेला दिसतो. पांढरी किंवा फिकट गुलाबी पार्श्वभूमी, मध्यभागी एकटे साधन, त्याची पुसट सावली, कोपऱ्यात बारीक अक्षरांत उत्पादनाचे नाव आणि फार तर दोन-तीन शब्दांचे एक वाक्य. बाकी सर्व जागा कोरी. या शैलीस मिनिमलिस्ट म्हटले जाते आणि जाहिरातकलेच्या वर्गात ती सुरुचीचे प्रमाण म्हणून शिकवली जाते. तथापि या कोऱ्या जागेतून नेमके काय काढून टाकले गेले, आणि जे काढले गेले त्याचा भार कोणावर पडला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

अल्पाक्षरत्व हा आपल्या परंपरेला परका गुण नव्हे. संस्कृत शास्त्रग्रंथांत सूत्राचे जे लक्षण सांगितले जाते त्यात अल्पाक्षरत्वाचा मान पहिला आहे. मात्र त्याच्या लगोलग येणारा दुसरा निकष असंदिग्धतेचा आहे, तर तिसरा सारवत्तेचा. अक्षरे कमी करण्याची मुभा अर्थ निःसंशय राहण्याच्या अटीवरच दिलेली आहे. शिवाय सूत्र कधी एकटे वावरत नसे. त्याच्यामागे भाष्य असे, आणि भाष्य उलगडून सांगणारा गुरू असे. सूत्रकाराने शब्द वाचवले ते या भरवशावर. आजची मिनिमलिस्ट जाहिरात पहिला निकष उचलते, दुसरा सोडून देते आणि भाष्याची जबाबदारी कोणाकडेच ठेवत नाही. तिच्या मूल्यमापनासाठी पाश्चात्त्य कलाचळवळींकडे धाव घेण्यापूर्वी घरातला हा निकष लावून पाहावयास हरकत नाही.

पाश्चात्त्य उदाहरण घेतले तरी निष्कर्ष फारसा वेगळा निघत नाही. या शैलीचा आदर्श म्हणून फोक्सवॅगन मोटारीच्या १९५९ मधील 'थिंक स्मॉल' या जाहिरातीचा दाखला नेहमी दिला जातो. डॉइल डेन बर्नबाख या संस्थेसाठी हेल्मुट क्रोन यांनी तिची मांडणी केली व ज्युलियन कोनिग यांनी मजकूर लिहिला. रिकाम्या पानावर कोपऱ्याकडे सरकवलेली इवलीशी मोटार सर्वांच्या लक्षात राहिली. त्या मोकळ्या जागेखाली तीन स्तंभांचा मजकूर होता, याचा विसर पडला. लहान मोटारीला इंधन किती लागते, ती लावायला जागा किती लागते, तिचा विमा व दुरुस्ती किती स्वस्त पडते, हे त्या मजकुरात साध्या भाषेत सांगितले होते. चित्र हे सूत्र होते आणि खालचा मजकूर त्याचे भाष्य. पुढच्या पिढ्यांनी अनुकरण केले ते वरच्या अर्ध्या पानाचे.

मोटारीच्या बाबतीत हे एक वेळ चालून गेले असते, कारण मोटार काय करते हे पाहणाऱ्यास ठाऊक असते. डर्मारोलरचे तसे नाही. दांड्याच्या टोकाला फिरता लहानसा दंडगोल आणि त्यावर सुयांच्या रांगा, एवढेच चित्रात दिसते. घरगुती वापरासाठीच्या रोलरमध्ये या सुया साधारणतः ०.२ ते ०.३ मिलिमीटर लांबीच्या असतात. त्वचारोगतज्ज्ञ आपल्या देखरेखीखाली ज्या सुया वापरतात त्या १.५ मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक लांब असू शकतात. छायाचित्रात हा फरक डोळ्यांना कळत नाही, पण त्वचेला तो कळतो. पिकलेल्या मुरुमांवर वा संसर्ग झालेल्या त्वचेवर रोलर फिरवू नये, तो एकाने दुसऱ्यास देऊ नये, प्रत्येक वापरापूर्वी व नंतर तो निर्जंतुक करावा, वापरानंतर त्वचेस उन्हापासून जपावे, या सूचना गौण नव्हेत. त्यांच्याशिवाय साधन अपुरे आहे. सावळ्या व गडद त्वचेत दाह झाल्यानंतर काळे डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक असते, हे वैद्यकाला चांगले परिचित आहे. म्हणजे ज्या डागावर उपाय म्हणून साधन घ्यावे त्याच डागाची चुकीच्या वापराने भर पडावी, असा हा प्रकार. यांपैकी कशाचाही मागमूस कोऱ्या पांढऱ्या जागेत नसतो. फार तर एक चौकोनी संकेतचिन्ह असते व ते मोबाईलने टिपून पुढची माहिती घ्यावी अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा अलिबागच्या वाचकाच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखी आहे. मुंबईपासून समुद्रमार्गे तासाभराच्या अंतरावरचे हे गाव दोन प्रकारच्या वाचकांचे आहे. किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यात मुंबईकर धनिकांची घरे आहेत. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाल्याने हा वर्ग आपल्या मोटारींसह सहज ये-जा करू लागला. दुसरीकडे कोळीवाड्यातल्या, भातशेतीतल्या, बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्या मुलींच्या मोबाईलवर तीच जाहिरात त्याच क्षणी पोहोचते. खारा वारा, घाम आणि जवळजवळ वर्षभराचे कडक ऊन हे यांच्या त्वचेचे वास्तव आहे. ज्या सूचना जाहिरातीने गाळल्या त्यांची सर्वाधिक गरज नेमकी या वाचकास आहे.

येथे एका वाक्प्रयोगाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या बोलीत अडाणीपणा दाखवून देण्यासाठी 'अलिबाग से आया है क्या' असे सर्रास विचारले जाते. या प्रयोगावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. विनोद सर्वच समाजांवर होतात, त्यात अवमान मानू नये, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने २०१९ मध्ये ती फेटाळली. न्यायालयाचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. परंतु त्या प्रश्नामागची रीत जाहिरातीच्या अभ्यासकाने दुर्लक्षित करू नये. ज्याला विचारावे लागते तो अडाणी, असे तो प्रश्न गृहीत धरतो. मिनिमलिस्ट जाहिरातही मौनाने हेच गृहीत धरते. 'हे कसे वापरायचे?' असे विचारणारी व्यक्ती तिच्या दृष्टीने तिच्या वर्तुळाबाहेरची ठरते. ज्यास सर्व आधीच ठाऊक आहे त्यालाच कोरी जागा सुंदर वाटते. इतरांना ती गप्प करते.

याच्या उलट उदाहरण म्हणून वजरीकडे पाहता येईल. टाचा घासण्याचे हे साधन मराठी घरांत पिढ्यानुपिढ्या वापरात राहिले. गरिबाघरी खापराची वा दगडाची, तर सधन घरी पितळेची वा तांब्याची वजरी असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पशुपक्ष्यांच्या आकृतींनी नटलेल्या वजऱ्या पाहावयास मिळतात. चिखलात नि खाऱ्या पाण्यात काम करणाऱ्या पायांच्या भेगांवर तिचा उपयोग होई. वजरीचे रूप मिनिमलिस्ट नाही. कित्येकदा ते चांगलेच अलंकृत आहे. पण ती पूर्णतः असंदिग्ध आहे. तिचा खडबडीत तळ डोळ्यांना दिसतो, बोटांना कळतो, आणि किती जोराने घासावे हे पहिल्याच वापरात टाच स्वतः सांगते. उरलेसुरले भाष्य आजी करीत असे. वस्तू जितकी स्वतः बोलते तितके तिच्या जाहिरातीने गप्प राहावे, असा नियम यावरून बांधता येतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांचे साधन जवळजवळ काहीच बोलत नाही. तेव्हा तिथे जाहिरातीस बोलणे भाग आहे.

पार्श्वभूमीच्या रंगाचा प्रश्नही केवळ अभिरुचीचा नाही. त्वचेच्या उत्पादनाच्या जाहिरातीत पांढरा हा रिकामा रंग असू शकत नाही. तो आपोआप इष्ट त्वचेचा रंग सुचवतो. शब्दांत जे म्हणणे आता अडचणीचे झाले आहे ते पार्श्वभूमी निमूटपणे म्हणून जाते. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातील 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये वगळून त्या जागी 'ग्लो' घालण्यात आला. मराठी जाहिरातींत या 'ग्लो'चा अनुवाद बहुधा 'उजळ' असा होतो, आणि 'उजळ' म्हटले की तेज आणि गोरेपण ही दोन्ही एकाच वेळी मनात येतात. म्हणजे इंग्रजीत दारातून बाहेर घालवलेला अर्थ मराठीत खिडकीतून परत येतो. त्या मानाने 'नितळ' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. तो मूळचा पाण्याचा. रंगाविषयी तो काही सांगत नाही. 'तुकतुकीत' हाही जवळचाच, परंतु त्याला किंचित थट्टेचा वास आहे.

सौंदर्याचा आधार पांढऱ्याखेरीज अन्यत्र शोधावयाचा तर अलिबागकरांना दूर जाण्याचे कारण नाही. सासवणे येथे शिल्पकार वि. पां. ऊर्फ नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांचे शिल्पालय त्यांच्या राहत्या घरी आहे. परिसरातली माणसे आणि जनावरे त्यांनी सिमेंटसारख्या साध्या माध्यमात घडवली. तो करडा रंग कोणाही गौर त्वचेचा आभास करीत नाही. तरीही स्नायूंचा ताण, कातडीची घडी, थकवा हे सर्व त्या पृष्ठभागावर उमटलेले आहे. वगळले काय आहे, तर चकचकीतपणा. जे वगळले ते अनावश्यक होते, आणि जे राखले ते त्या देहाविषयी काही सांगणारे होते, म्हणून या साधेपणाला मोल आहे. अलिबागच्या किनाऱ्याची काळसर ओली वाळू हीदेखील एखाद्या साधनासाठी उत्तम पार्श्वभूमी ठरू शकेल.

कायद्याने यात काही साधले आहे काय? ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. दाव्यास जोडलेला खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच अक्षरवळणात आणि ठळकपणे दिसेल अशा जागी असावा, असे त्यांत म्हटले आहे. सूत्राच्या शेजारी भाष्य, तेही त्याच आवाजात, अशी ही अपेक्षा आहे आणि ती स्वागतार्हच आहे. मात्र जी जाहिरात शब्दांत दावाच करीत नाही तिला खुलाशाचे बंधन जाणवत नाही. नितळ गाल आणि त्यावर टेकलेला रोलर एवढे छायाचित्र पुरेसा दावा करते. मिनिमलिस्ट शैलीच्या लोकप्रियतेमागे सुरुचीइतकीच ही सोयही असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

मजकूर वाढला म्हणजे मांडणी बिघडते, हा आक्षेप मराठीपुरता तरी टिकत नाही. कमल शेडगे यांनी (निधन २०२०) वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेले अक्षरांकन याचे उत्तर आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईत, अरुंद स्तंभात, बहुधा चित्राविना, केवळ नाटकाच्या नावाच्या अक्षरांतून ते नाटकाची प्रकृती उभी करीत. त्याच चौकटीत नाट्यगृह, वार, वेळ हेही असे, आणि ते वाचता येत असे. प्रेक्षक रविवारी चुकीच्या वेळी शिवाजी मंदिरात जाऊन पोहोचला तर त्या अक्षरसौंदर्याचा उपयोग काय, हे त्या जाहिरातींना पक्के ठाऊक होते. रोमन लिपीसाठी आखलेल्या कोऱ्या चौकटीत बारीक, कृश देवनागरी बसवली की शिरोरेषेवरच्या मात्रा आणि खालचे उकार पुसट होतात. अनेक मराठी जाहिराती कोऱ्या दिसतात त्याचे एक कारण हेही आहे. त्यांत शब्द असतात, पण ते वाचवत नाहीत.

तेव्हा अशा साधनाची जाहिरात रचताना चित्रात साधन आणि सावळा हात एवढेच ठेवावे, मागे ओल्या वाळूचा रंग असावा, आणि 'उजळ' हा शब्द टाळावा. मात्र सुईची लांबी आकड्यांत, नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्यावी. त्याखाली चार छोटी वाक्ये असावीत : कोणत्या त्वचेवर फिरवू नये, कसे निर्जंतुक करावे, कोणाला देऊ नये, उन्हात केव्हा जाऊ नये. ही वाक्ये इंग्रजीवरून उतरवलेली नकोत. अलिबागच्या बाजारपेठेतला औषधविक्रेता गिऱ्हाइकाला ज्या क्रियापदांत सांगेल त्यांत ती असावीत. 'फिरवा, दाबू नका' ही तीन पदे एवढ्या कामाला पुरेशी आहेत.