षड्जाविना बारा सूर

तानपुरा बंद करा. सप्तकातले बाराही सूर सारख्याच मानाचे धरा. एक सूर येऊन गेला की उरलेले अकरा येईपर्यंत त्याची पाळी नाही. आर्नॉल्ड श्योनबर्गने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली पद्धत ढोबळमानाने अशी आहे.

ही लहर नव्हती. वाग्नरच्या काळापासूनच युरोपीय संगीतातला षड्ज डळमळत होता. १९०८च्या सुमारास श्योनबर्गने तो सोडूनच दिला. आधार सुटल्यावर मोठी रचना उभी कशावर करायची, हा पेच उरला. बारा सुरांची ठरलेली ओळ, ती शेवटाकडून, चढाच्या जागी उतार घेऊन, आणि तीही पुन्हा शेवटाकडून, हे त्याचे उत्तर.

उत्तर रुक्ष वाटते. पण त्याचा शिष्य आल्बान बेर्ग याचा १९३५चा व्हायोलिन कन्चेर्टो पाहा. व्हायोलिनची सर्वांत खालची तार षड्ज धरली तर त्याची ओळ अशी: सा, कोमल ग, प, शुद्ध नी, रे, शुद्ध म, शुद्ध ध, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. यातले पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे सूर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या ताराच. पहिल्या नऊ सुरांत जुन्या वळणाचे चार त्रिस्वरमेळ एकमेकांत गुंफलेले आहेत. शेवटचे चार सूर बाखच्या एका कोरालच्या, म्हणजे चर्चगीताच्या, आरंभासारखे पूर्णस्वरांनी चढतात, आणि अखेरच्या भागात तो कोराल खरोखरच येतो. अठराव्या वर्षी पोलिओने गेलेल्या मानोन ग्रोपिउसच्या आठवणीसाठी ही रचना होती. ती पहिल्यांदा वाजली १९३६मध्ये, बार्सेलोनात. तोवर बेर्गही गेला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तरुणांना हा ओलावा नको होता. त्यांनी वाट धरली ती श्योनबर्गचाच दुसरा शिष्य वेबर्न याच्या काटकसरीची. पिएर बुलेझने ‘स्ट्रक्चर्स’च्या पहिल्या भागात सुरांबरोबर कालावधी, आवाजाची पातळी आणि आघातही ओळीत बसवले. दोन पियानोंवर ते ऐकताना कानाला मात्र शिस्त सापडत नाही. सूर कुणी मुठीने उधळावेत तसे पडतात. हे बुलेझच्याही ध्यानात आले असावे, कारण १९५५च्या ‘ल मार्तो सां मॅत्र’मध्ये त्याने दोर सैल सोडला.

‘हे गणित आहे, संगीत नव्हे’ हा नेहमीचा आक्षेप म्हणूनच मला पटत नाही. गणित बेर्गकडेही काटेकोर आहे. फरक इतकाच, की त्याने ओळ बांधतानाच कान जवळ ठेवला होता. ‘स्ट्रक्चर्स’मध्ये कानाला निकालापुरते बोलावले. या संगीताकडे वळायचे असेल तर बेर्गपासून सुरुवात करा. आणि ऐकताना सूर मोजू नका. ते काम त्याने करून ठेवले आहे.