हात सुटण्याची ओळ

जनावरांच्या बाजारात जुन्या वळणाचा सौदा उपरण्याखाली होतो. बोटांची पेरं दाबली जातात, भाव ठरतो, हात सुटतो. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात रेंगाळलेल्या माणसाला ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांचं १९५२ सालचं समीकरण फार परकं वाटू नये. माकुळाच्या जाडजूड चेतातंतूत शिरणारा सोडियमचा प्रवाह त्यांनी मोजला. तो ज्या दारातून येतो ते दार तेव्हा कोणीच पाहिलेलं नव्हतं. उपरणं कसं हलतं यावरून त्यांनी आतली बोटं ओळखली.

सोडियमची ओळ इवलीशी आहे: एम³एच. एम म्हणजे उघडण्याची तयारी, एच म्हणजे अजून न मिटलेलं असणं.

त्या घनात केवढी जरब आहे! पेशी निवांत असताना एम सुमारे ०.०५ असतो. नुसता एम लिहिला असता, तर शंभरातली पाच दारं कायम किलकिली राहिली असती. घन केला की उरतात ०.०००१२५. जवळजवळ सामसूम. विद्युतदाब चढून एम ०.९ झाला, की तोच घन ०.७३ वर जातो. तिन्ही एमचा होकार एकदम हवा, म्हणून कुजबुजीनं काही होत नाही आणि हाकेसरशी सगळं होतं.

तरी मला जास्त भावतो तो एकटा एच. ज्या दाबानं एम वाढतो, त्याच दाबानं एच घटतो, फक्त जरा सावकाश. उघडण्याच्या हुकमातच मिटण्याचा हुकूम असतो. दोन्हींमध्ये मिलिसेकंदाचीच काय ती फट, आणि मज्जातंतूचा अख्खा ठोका त्या फटीत मावतो. शिवाय निवांतपणीही एच पुरता एक नसतो, सुमारे ०.६ असतो. बरीच दारं आधीच मिटलेली. किती मिटलेली ठेवायची, इथं पेशीला हात घालता येतो.

पुढं विल्यम कॅटरॉल यांच्यासारख्यांनी या दाराचं प्रथिन उलगडलं. मिटवणारी झडप त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाला जोडणाऱ्या पट्ट्यात निघाली. मेंदूतल्या काही पेशी डोपामाइनचा निरोप आला, की पहिल्या-दुसऱ्या भागांमधल्या पट्ट्यावर फॉस्फेट चिकटवतात आणि प्रवाह उतरतो. दारं तेवढीच, राजी होणारी कमी. अपस्मारावरचं फेनिटॉइन मिटलेलं दार घट्ट धरतं. म्हणून सारख्या धडधडणाऱ्या पेशीच ते अधिक आवरतं.

एचची किंमत कळते ती आपल्याकडच्या लाल विंचवामुळं. त्याचं विष दाराचं मिटणं लांबवतं. चेतातंतू थांबत नाहीत, संप्रेरकं उसळतात, काळीज थकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरून असे रुग्ण वाचवले. हे औषध दाराला शिवतही नाही. उसळलेल्या संप्रेरकांचा रक्तवाहिन्यांवरचा मारा तेवढा अडवतं.

समीकरणात विंचू कुठंच नाही. पण दंशानंतर घामानं निथळणाऱ्या माणसाच्या अंगात त्यातलं एकच अक्षर पुसट झालेलं असतं.