पहिला अंक कुठे आहे?

(शेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



क्रमाने वाचणं म्हणजे काय, हे शेगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'श्री गजानन विजय'चे एकवीस अध्याय आहेत. कुणी एका बैठकीत वाचतं, कुणी तीन दिवसांत, पण पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत वाचतं. मध्येच उठावं लागलं तर खूण ठेवायची आणि परत तिथूनच पुढे सुरू करायचं. याला आपण पारायण म्हणतो. मला आज जी तक्रार मांडायची आहे ती एका वाक्यात सांगता येते. जुन्या मराठी नियतकालिकांचं पारायण करायला बसलं, तर त्यांचे डिजिटल संग्रह आपल्याला ते करू देत नाहीत.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे ही तक्रार नुसती सोयी-गैरसोयीची का नाही ते लक्षात येईल.

माझे आजोबा वऱ्हाडातल्या एका साप्ताहिकात पत्रं लिहायचे, असं घरात सांगत. १९३० च्या दशकातली गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी त्या साप्ताहिकाचे अंक एका संकेतस्थळावर आले. मी शोधाच्या चौकटीत आजोबांचं नाव टाकलं आणि पत्र सापडलं! अर्ध्या मिनिटात. मी सगळ्यांना हाका मारल्या. वाचलं, आणि घरात कुणीच काही बोललं नाही. गावच्या विहिरीला कुलूप लावण्याला आपला पूर्ण पाठिंबा आहे, असं आजोबांनी लिहिलं होतं. आता १९३० च्या दशकात, एका खेड्यात, विहीर आणि कुलूप हे दोन शब्द शेजारी आले की त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको.

पण पत्राची सुरुवात 'गेल्या अंकातील पत्रास अनुसरून' अशी होती. म्हणजे हे उत्तर होतं. प्रश्न मागच्या अंकात होता. मी पडद्यावर 'मागील अंक' असं काही दिसतंय का ते शोधलं. काही नव्हतं. 'यादीकडे परत' एवढंच होतं. ते दाबलं की यादीचं पहिलं पान उघडायचं आणि त्यावर सगळ्यांत अलीकडे चढवलेले वीस अंक. साप्ताहिक म्हणजे वर्षाला बावन्न अंक. दहा वर्षांचे पाचशेवीस झाले. एका पानावर वीस, म्हणजे सव्वीस पानं. सुरुवातीला जायचं तर सव्वीस पानं मागे जायचं, आणि त्या आठवड्यात कुणी नवे वीस अंक चढवले की कालचं सव्वीसावं पान आज सत्ताविसावं होणार. ठेवलेली खूण रात्रीतून सरकते.

माझी आत्या शेजारी बसून हे बघत होती. ती म्हणाली, "काहून रे, शेवटापासून वाचून राह्यला काय?" (हशा) मी म्हटलं, आत्या, मी नाही, हे यंत्र वाचून राह्यलंय.

आता हे असं का होतं ते बघू. यात कुणाचा दुष्टावा नाही. बातमीला ताजेपणा लागतो, म्हणून बातम्यांच्या संकेतस्थळाचा साचा 'नवं वर, जुनं खाली' असा असतो, आणि तिथे ते बरोबरच आहे. तोच साचा उचलून आपण जुन्या अंकांना चढवतो. मग यंत्र तारीख बघतं, पण कोणती? अंक निघाला ती नव्हे, अंक चढवला ती. १९३४ चा अंक या मंगळवारी चढवला आणि १९३१ चा गेल्या महिन्यात, तर १९३४ चा वर. गंमत अशी की तो १९३१ चा अंक आधी वाचायचा आहे, हे सांगणारा मजकूर छापील अंकाच्या कपाळावरच असतो. वर्ष, अंक, वार, तारीख. छापणाऱ्याने ते दर आठवड्याला न चुकता छापलं. आपण त्याचा फोटो काढला आणि ते वाचलंच नाही.

दुसरं कारण आणखी साधं आहे. फायलींना नावं देताना आपण महिन्याचं नाव आधी लिहितो. यंत्र ती नावं अक्षरांच्या क्रमाने लावतं. मग वर्ष सुरू होतं एप्रिलपासून. एप्रिलनंतर ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर. (हशा) हसू नका, अशा क्रमाने मी एक अख्खं वर्ष वाचलंय. अंकांचंही तेच. अक्षर म्हणून लावले तर एकनंतर दहा, अकरा, बारा, आणि मग दोन. मुंबईहून नागपूरकडे येणाऱ्या गाडीने मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असं न थांबता बाराखडीप्रमाणे थांबावं, तसं हे आहे. जलंब, नांदुरा, मलकापूर, शेगाव. सगळी स्टेशनं आली, एकही सुटलं नाही, पण प्रवास झाला का?

तिसरं कारण ऐकून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. बहुतेक छोट्या संस्था अंकांची यादी एक्सेलमध्ये करतात. एक्सेलला १९०० सालाच्या आधीची तारीख, तारीख म्हणून कळत नाही. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. 'दर्पण'चा ६ जानेवारी १८३२ चा. या तारखा तिथे लिहिल्या की एक्सेल त्यांना नुसती अक्षरं समजतं. म्हणजे मराठी पत्रकारितेची पहिली अडुसष्ट वर्षं त्या कोष्टकाच्या दिनदर्शिकेत बसतच नाहीत. आणि शक आहेच. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, नियतकालिकाचं 'वर्ष दुसरं' ज्या महिन्यात ते निघालं त्या महिन्यात सुरू होतं, आणि आपण खण पाडतो जानेवारी ते डिसेंबर असे. मग एकाच वर्षाचा बांधीव खंड दोन खणांत तुटतो.

कुणी म्हणेल, शोधाची सोय आहे ना? हवं ते शब्द टाकून काढा. मी शोधाचा विरोधक नाही. शोध नसता तर आजोबांचं पत्र मला जन्मात सापडलं नसतं. पण आपल्याला जे माहीत आहे तेच शोधता येतं. जे माहीत नाही ते क्रमाने वाचताना भेटतं. आणि नियतकालिक ही मुळात क्रमाने वाचायची वस्तू आहे. 'पुढील अंकी चालू' आणि 'मागील अंकावरून' ही त्याची आपली दिशादर्शक पाटी होती. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मध्ये क्रमशः आली. तो वाचक आठवडाभर थांबायचा. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्या ठाऊक नसण्यातच त्याचं वाचन होतं.

कादंबरीचं सोडा. 'बहिष्कृत भारत' घ्या. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला घेतलं गेलं. पाक्षिकाचा पहिला अंक ३ एप्रिलचा, म्हणजे दोनच आठवड्यांनी. तळं सर्वांना खुलं करण्याचा आपलाच ठराव महाड नगरपालिकेने ऑगस्टमध्ये मागे घेतला. डिसेंबरमध्ये विरोधक कोर्टात गेले, तात्पुरता मनाई हुकूम आला, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, दहा वर्षांनी. आपण १९३७ जाणून मागे येतो, तेव्हा सगळं ठरल्यासारखं वाटतं. ३ एप्रिलला अंक हातात घेणाऱ्याला काय माहीत होतं? ठराव टिकेल का, मार खाल्लेल्यांचं पुढे काय होईल, काहीच नाही. एप्रिलमधलं धाडस कळायचं असेल, तर डिसेंबर आधी वाचून चालत नाही. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपात आणले, तेव्हा अंकामागून अंक वाचता येतील असेच आणले. कागदी पुस्तकाला ते जमतं, कारण पान उलटलं की पुढचंच पान येतं. पडद्यावर 'पुढचं' म्हणजे काय, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. ते काम संपादकाचं आहे. आपण ते यंत्रावर सोडून दिलंय.

आपल्याकडे क्रम हरवण्याचं मोठं उदाहरण आहेच. तुकोबांचे अभंग. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, याच्या तारखा नाहीत, आणि गाथ्यांच्या वेगवेगळ्या प्रतींत क्रमही वेगळा. तिथे इलाज नाही. पण ज्या कागदावर तारीख छापलेली आहे त्याचाही क्रम आपणच घालवायचा, याला काय म्हणायचं? जुन्या पोथ्यांची पानं तर सुटीच असायची. वाऱ्याने उडाली तरी पुन्हा लावता यायची, कारण लिहिणाऱ्याने प्रत्येक पानावर आकडा घातलेला असायचा. आमच्या फायलीचं नाव 'स्कॅन ४७ नवीन अंतिम'. (हशा)

आता आजोबांकडे परत जाऊ. मागचा अंक मला तीन आठवड्यांनी सापडला. तो भलत्याच वर्षाच्या खणात होता. त्यातलं पत्र पटकीच्या साथीबद्दल होतं. विहिरीत लाल औषध टाकलंय, लोक ऐकत नाहीत, आठ दिवस कुणीच पाणी भरू नये, काय करावं? त्यावर आजोबांचं उत्तर, कुलूप लावा. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला.

मग मी पुढचा अंक शोधला. नसता शोधला तर बरं झालं असतं, असं तेव्हा क्षणभर वाटलं. त्यात आणखी कुणाचं तरी पत्र होतं. कुलूप सगळ्यांनाच आहे ना, मग किल्ली कुणाकडे? आणि बाकीचे लोक शेजारच्या विहिरीवर जातील, पण ज्यांना तिथे शिवू देत नाहीत त्यांनी आठ दिवस कुठे जायचं? प्रश्न सरळ होता आणि आजोबांनाच विचारलेला होता.

त्याचं उत्तर आजोबांनी दिलं का? दिलं असेल तर त्याच्या पुढच्या अंकात. तो अंक संकेतस्थळावर नाही. आता हा अंक मिळालाच नाही, की मिळाला पण स्कॅन झाला नाही, की एप्रिल आणि ऑक्टोबरच्या मध्ये कुठेतरी पडलाय, हे कळायला मार्ग नाही. कारण यादीत असलेलेच अंक दिसतात. नसलेल्याची जागा दिसत नाही. तीन अंकांत आजोबांबद्दलचं माझं मत तीनदा बदललं, आणि चौथा अंक नाही. शोधाच्या चौकटीने मला पहिल्या अर्ध्या मिनिटात जे दिलं होतं, त्यावर मी थांबलो असतो तर ते मत चुकीचं ठरलं असतं. दुसऱ्यावर थांबलो असतो तर सोयीचं ठरलं असतं.

म्हणून माझ्या मागण्या छोट्या आहेत, आणि त्यांना पैसा फार लागत नाही. एक, प्रत्येक नियतकालिकाच्या पानावर 'पहिला अंक' असं बटण हवं. दोन, प्रत्येक अंकाखाली 'मागील' आणि 'पुढील' हवं, आणि ते प्रकाशनाच्या तारखेप्रमाणे. तीन, फायलीच्या नावात आधी साल, मग महिन्याचा आकडा, मग दिवस, दोन-दोन आकड्यांत. १९३४-०७-१४ असं. मग यंत्र कितीही अडाणी असलं तरी क्रम चुकत नाही, आणि १९०० च्या आधीच्या तारखाही बरोबर लागतात. चार, आणि ही माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची, जो अंक नाही त्याची रिकामी जागा दाखवा. 'हा अंक मिळालेला नाही' एवढं लिहा. कुणाच्या तरी माळ्यावर तो असेल. काय हवंय हेच त्याला कळलं नाही, तर तो आणून कसा देणार?

स्कॅन करणाऱ्या लोकांना मी नावं ठेवत नाही. धुळीत बसून, बहुतेकदा विनामोबदला, ते हे काम करतात. त्यांच्यामुळे कागद वाचला. पण आता तो वाचताही यायला हवा. इथे ग्रंथालयांत काम करणारे काही जण बसले आहेत. तुमच्याकडे जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे असतील, तर स्कॅनरला हात लावण्याआधी एक साधी वही करा. वर्ष, अंक, तारीख, आहे की नाही. संकेतस्थळ बदलेल, यंत्र बदलेल, ती वही कुठेही उपयोगी पडेल.

आणि त्या वहीत १९३० च्या दशकातलं एखादं वऱ्हाडी साप्ताहिक आलं, विहिरीच्या कुलपाबद्दल पत्र असलेलं, तर मला जरूर कळवा. उत्तर काय असेल याची मला थोडी धास्ती आहे. तरी वाचायचंय.