सूत किती घ्यावें?
('वेस्टिअरियम स्कॉटिकम' या ग्रंथाचें एक निराळें परीक्षण)

एखादा जुना म्हणविणारा ग्रंथ खरा कीं बनावट, हें ठरविण्याचीं साधनें पंडितांपाशीं पुष्कळ असतात. कागद, शाई, अक्षराचें वळण, भाषेचें वय, या सर्वांची साक्ष ते काढतात. परंतु जो ग्रंथ वस्त्र कसें विणावें हें सांगावयास निघतो, त्याची आणखीहि एक परीक्षा घेतली पाहिजे. आणि ती मागावर. १८४२ सालीं एडिंबरो येथें प्रसिद्ध झालेला 'वेस्टिअरियम स्कॉटिकम' हा ग्रंथ पहिल्या परीक्षेंत साफ उतरला नाहीं, हें आतां सर्वमान्य आहे. दुसऱ्या परीक्षेचा निकाल मात्र इतका सोपा नाहीं, आणि आमच्या मतें त्यांतच या ग्रंथाचें खरें स्वारस्य आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील लोकांचा किल्ट ज्या लोंकरी चौकड्याच्या कापडाचा करतात, त्यास टार्टन म्हणतात. त्याची मांडणी दिसावयास गुंतागुंतीची, पण नियमानें अगदीं साधी आहे. रंगीत सुतांचा जो क्रम उभ्या ताण्यांत, तोच आडव्या बाण्यांत. हा क्रम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तेथून आरशांतल्याप्रमाणें उलट फिरतो आणि पुन्हां पहिल्या टोकाशीं येतो. या एका आवर्तनास तेथील विणकर 'सेट' म्हणतात. वीण तिरपी असते. प्रत्येक सूत दोन सुतांवरून व दोहोंखालून जातें. त्यामुळें जेथें एकच रंग एकमेकांस छेदतो तेथें तो शुद्ध दिसतो, व जेथें दोन भिन्न रंग भेटतात तेथें तिसरी छटा उत्पन्न होते. तीन रंगांच्या सुतांतून सहा छटा आणि सहा रंगांतून एकवीस छटा निघतात त्या अशा. एवढ्याशा भांडवलावर एवढा विस्तार, हें पाहिलें म्हणजे ही कला वृत्तरचनेच्या जवळची वाटते. तेथें गण मोजतात, येथें सूत.

ग्रंथाचा इतिहास थोडक्यांत असा. जॉन सोबिएस्की स्टुअर्ट व चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट या नांवांनीं वावरणारे दोन बंधु आपण राज्यभ्रष्ट स्टुअर्ट राजघराण्याचे वंशज असल्याचें सांगत. त्यांचें मूळ आडनांव ॲलन. आपल्यापाशीं सोळाव्या शतकांतील एक पोथी असून तींत कुळाकुळाचें टार्टन वर्णिलें आहे, असा त्यांचा दावा होता. १८२९ सालींच सर वॉल्टर स्कॉट यानें या पोथीविषयीं उघड अविश्वास दाखविला. सखल प्रदेशांतील घराणींहि पूर्वी आपापलें टार्टन वापरीत, हें त्यास मुळींच पटलें नाहीं. तरीहि तेरा वर्षांनीं ग्रंथ निघाला, आणि त्यांत पंच्याहत्तर टार्टनांचीं रंगीत चित्रें आलीं. १८४७ सालीं 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'नें बंधुद्वयाचे दावे खोडून काढले, व १९८० सालीं 'स्कॉटलंड्स फोर्ज्ड टार्टन्स' या पुस्तकानें ग्रंथाच्या बनावटपणाची सविस्तर छाननी केली. प्राचीन म्हणून सांगितलेली मूळ पोथी कोणाहि तज्ज्ञाच्या हातीं कधींच आली नाहीं. तेव्हां इतिहास म्हणून या ग्रंथाचा निकाल लागलेला आहे.

आतां मागाची परीक्षा. ग्रंथकर्त्यांनीं पट्ट्यांचें वर्णन जुन्या धाटणीच्या शब्दांत केलें आणि शेजारीं चित्र दिलें. वाचकाच्या डोळ्यांचें समाधान तेवढ्यानें होतें. विणकराचें होत नाहीं. त्यास संख्या पाहिजे. बॅनकबर्न येथील विल्सन यांच्या कारखान्यानें १८१९ सालच्या आपल्या नमुनावहींत सुतांच्या संख्याच लिहून ठेविल्या होत्या, कारण ती वही विणणाऱ्यांसाठीं होती. जेम्स लोगन यानें १८३१ सालच्या 'द स्कॉटिश गेल' या ग्रंथांत पट्ट्यांची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजून दिली. हा मार्ग मधला. कापड पाहणाऱ्यास उपयोगी, पण सूत जाडबारीक झालें कीं विणकरास अपुरा.

उदाहरण म्हणून याच ग्रंथांतून जगापुढें आलेलें वॉलेस घराण्याचें टार्टन घेऊं. त्याची आज प्रचलित असलेली संख्या अशी आहे: काळीं ४, तांबडीं ३२, काळीं ३२, पिवळीं ४. पहिली काळी व शेवटची पिवळी या वळणाच्या रेघा असल्यामुळें त्या आवर्तनांत एकेकदांच येतात, आणि मधले पट्टे दोनदां. म्हणजे पुरें आवर्तन १३६ सुतांचें. येथेंच पहिला धोका आहे. वळणावरची संख्या कोणी पूर्ण लिहितात, कोणी अर्धी. पूर्ण लिहिलेले ४ अर्धे समजून कोणी ८ सुतें घातलीं, तर रेघ व पट्टा यांचें प्रमाण एकास आठ होतें तें एकास चार होईल. रंग तेच, क्रम तोच, आणि तरीहि वस्त्र निराळें! काव्यांत एक शब्दहि न बदलतां यति चुकीच्या ठिकाणीं घेतला म्हणजे जी दशा होते, तीच ही.

दुसरा प्रश्न मोठा आहे. समजा, इंचांत चाळीस सुतें बसतात. मग १३६ सुतांचें आवर्तन ३.४ इंचांचें झालें. किल्टास हें शोभेल काय? याचें उत्तर निऱ्यांत आहे. आठ वार म्हणजे २८८ इंच कापडांतून पुढचे दोन सपाट पल्ले व त्यांच्या घड्या यांसाठीं ८४ इंच सोडले, तर निऱ्यांस २०४ उरतात. प्रत्येक निरीवर एकच रेघ यावी अशी लष्करी पद्धत घेतली, तर दर निरीस नेमकें एक आवर्तन लागतें. म्हणजे साठ निऱ्या होतील, आणि वीस इंच रुंदीच्या पाठीवर प्रत्येक निरी इंचाचा तिसरा हिस्सा दिसेल. कापडाचे थर तितकेच, पण घडी उथळ, जेमतेम दीड इंचाची. अशी निरी चालतांना झोंक घेत नाहीं, आणि शिवणकाम मात्र अतोनात वाढतें. संख्या दुप्पट करून ८, ६४, ६४, ८ अशी घेतली, तर आवर्तन ६.८ इंचांचें, निऱ्या तीस आणि घडी सुमारें तीन इंच खोल. दीडपट करून ६, ४८, ४८, ६ घेतली, तर ५.१ इंच व चाळीस निऱ्या. तिन्ही कापडांत प्रमाण एकच, तिन्ही वॉलेसच. पाठीवर चौकडा अखंड दिसावा अशी दुसरी पद्धत घेतली, तर दर निरीस आवर्तनाहून दिसत्या पट्टीइतकें कापड जास्त लागतें, आणि हिशेब त्या मानानें बदलतो.

यावर कोणी चतुर कारागीर म्हणेल, मूळची १३६च ठेवा आणि एका निरींत दोन आवर्तनें घाला. निऱ्या तीसच होतील. त्याचें म्हणणें खरें आहे. म्हणूनच संख्येचा अंतिम निर्णय निऱ्या करीत नाहींत. तो पुढचा सपाट पल्ला करतो. वीस इंचांच्या पल्ल्यावर ६.८ इंचांचीं आवर्तनें सुमारें तीन बसतात, ३.४ इंचांचीं सहा. दुरून पहिल्यांत पिवळी रेघ स्वतंत्र उभी राहते. दुसऱ्यांत ती इंचाच्या दहाव्या हिश्शाची होऊन तांबड्याकाळ्यांत विरघळूं पाहते. शिवाय प्रमाण कोठवरहि ताणतां येत नाहीं. सव्वापट करावयास गेलें तर ४ चीं ५ व ३२ चीं ४० होतात, पण विषम संख्या या विणींत गैरसोयीची. उलट पाव केलें तर चार सुतांची रेघ एका सुतावर येते, आणि दोन-दोन सुतांच्या तिरप्या विणींत तें एकटें सूत रेघ म्हणून उभेंच राहूं शकत नाहीं. बारीक रेघ ही या कापडाची निरागस शोभा नव्हे. सर्व रचनेची कमींत कमी मर्यादा तीच ठरविते.

आतां आमचा अभिप्राय. या ग्रंथासंबंधीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एका पक्षास वाटतें कीं, जें बनावट पोथींतून आलें तें त्याज्य. दुसरा पक्ष छापील संख्येस कुळाची पूर्वापार मुद्रा समजून तींत एका सुताचाहि फरक सहन करीत नाहीं. आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत. १७४६ च्या कायद्यानें पुरुषांस हा वेष घालण्याची बंदी झाली, ती १७८२ पर्यंत टिकली. आणि १८२२ सालीं चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हां स्कॉटच्याच पुढाकारानें टार्टनचा मोठा सोहळा झाला. ज्या समाजाचा वेष हिरावला गेला होता, त्यास आपल्या वेषाची वंशावळ पाहिजे होती. ती भूक खरी होती; ग्रंथकर्त्यांनीं तिला खोटें अन्न दिलें. हा अपराध लहान नव्हे. लोकांचें प्रेम खोट्या दाखल्यावर उभें केलें म्हणजे दाखला फाटतांच प्रेमहि हास्यास्पद ठरतें, आणि शिक्षा फसविणाऱ्यास न होतां फसलेल्यांस होते.

परंतु वॉलेसची रचना स्वतःच्या पायांवर उभी आहे. तीन रंगांत व चार संख्यांत इतका ठळकपणा साधणारे नमुने थोडे. ती पुरातन आहे असें न म्हणतां ती चांगली आहे एवढेंच म्हटलें, तर तिच्यापाशीं लपविण्यासारखें कांहीं उरत नाहीं. १९५० सालीं डी. सी. स्टुअर्ट यानें 'द सेट्स ऑफ द स्कॉटिश टार्टन्स' या ग्रंथांत सुतांच्या संख्या सुसंगतपणें मांडून, दंतकथा आणि विणीचा हिशेब यांची फारकत केली. २००८ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या सरकारी नोंदवहींतहि टार्टनची ओळख त्याच्या रंगक्रमावरून व सूतसंख्येवरूनच पटविली जाते. बंधुद्वयानें जें द्यावयास हवें होतें व दिलें नाहीं, तें हेंच.

सारांश, नव्यानें किल्ट विणणाऱ्यानें रंगांचा क्रम व त्यांचें प्रमाण पाळावें, वळणावरची संख्या पूर्ण कीं अर्धी हें आधीं पाहावें, आणि एकंदर सूत किती घ्यावें तें आपलें सूत, आपल्या निऱ्या व पुढचा पल्ला यांस विचारून ठरवावें. त्यानें जुनी पोथी अवश्य वाचावी. मात्र धोटा हातीं घेण्यापूर्वीं ती मिटून ठेवावी.