‘खुले जिंकले, बंद हरले’ : आयबीएम पीसी आणि मॅकिंटॉश यांच्या स्पर्धेची समीक्षा

१. प्रचलित मांडणी

संगणकाचा इतिहास शिकवताना १९८० च्या दशकातील वैयक्तिक संगणकांची स्पर्धा बहुधा एका वाक्यात संपवली जाते: आयबीएमने आपला पीसी खुला ठेवला म्हणून तो पसरला, ॲपलने मॅकिंटॉश बंद ठेवला म्हणून तो मागे पडला. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेत लिहायला सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. अडचण ‘खुले’ या शब्दाची आहे. संगणक ही एक वस्तू नसून थरांची रचना आहे: प्रोसेसर, कार्डांचे स्लॉट, बायोस, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्रॅम आणि शेवटी आपल्या फाइल्स. यांपैकी एक थर खुला आणि दुसरा बंद असू शकतो. वरील वाक्य या सगळ्यांना एकच शब्द लावते. या टिपणात आपण ही मांडणी थरांनुसार तपासू आणि नंतर आजच्या निवडीसाठी तिचा काय उपयोग होतो ते पाहू.

२. आयबीएम पीसी किती खुला होता?

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्यात इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर होता, सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये १६ किलोबाइट मेमरी होती आणि जादा कार्डे बसवण्यासाठी पाच स्लॉट होते. यंत्र सुमारे वर्षभरात बाजारात आणायचे असल्याने बहुतेक भाग बाजारात मिळणारेच घेतले गेले. तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा कोडही छापला होता. इथपर्यंत प्रचलित मांडणी बरोबर आहे.

परंतु कोड छापणे म्हणजे तो वापरण्याची परवानगी देणे नव्हे. बायोसवर आयबीएमचा कॉपीराइट होता. कोड छापलेला असल्यामुळे उलट पंचाईत अशी की, जो तो वाचून स्वतःचा बायोस लिहील त्याच्यावर नकलेचा आरोप सहज करता यावा. कॉम्पॅक कंपनीने यावर जो मार्ग काढला तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका गटाने आयबीएमचा बायोस अभ्यासून तो नेमके काय करतो एवढेच लिहून काढले. ज्यांनी तो कोड कधी पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. कॉम्पॅकचा उचलून नेता येणारा संगणक नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. १९८४ पासून फिनिक्स या कंपनीने असाच सुसंगत बायोस इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली. थोडक्यात, बायोसचा थर आयबीएमने खुला केला नाही, इतरांनी तो कायद्यात बसेल अशा रीतीने उघडला.

ऑपरेटिंग सिस्टीमची गोष्ट आणखी वेगळी. मायक्रोसॉफ्टने आयबीएमला पीसी-डॉस दिली, पण तीच एमएस-डॉस या नावाने इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखला. डॉसचा मूळ कोड बंदच होता. मात्र ती पैसे मोजणाऱ्या कोणत्याही उत्पादकाला मिळत होती. ‘खुले’ आणि ‘सर्वांना विकत मिळणारे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रचलित मांडणीत त्यांची सरमिसळ होते.

३. मॅकिंटॉश किती बंद होता?

मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी आला. १२८ किलोबाइट मेमरी, ९ इंची कृष्णधवल पडदा, माउस आणि किंमत २,४९५ डॉलर. आत एकही स्लॉट नव्हता, आणि खोका उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. ‘बंद’ या शब्दाला हे यंत्र नक्कीच पात्र होते.

पण दोन गोष्टी मांडणीतून गळतात. पहिली, हीच कंपनी १९७७ पासून ॲपल टू विकत होती आणि त्यात आठ स्लॉट होते. म्हणजे बंदपणा हा ॲपलचा स्वभाव नव्हता, एका यंत्रापुरता घेतलेला निर्णय होता. दुसरी, १९८७ मध्ये आलेल्या मॅकिंटॉश टूमध्ये सहा स्लॉट होते. स्लॉटपुरता बंदपणा तीनच वर्षांत संपला. त्याच १९८७ मध्ये आयबीएम नेमकी उलट दिशेने निघाली. पीएस/२ या मालिकेत तिने मायक्रो चॅनल नावाची नवी, परवाना घेऊनच वापरता येणारी बस आणली. पुढच्या वर्षी कॉम्पॅकसह नऊ उत्पादकांनी जुन्या कार्डांशी जुळणारी ईसा ही पर्यायी बस जाहीर केली. १९८७ चे चित्र पाहून ‘खुले कोण, बंद कोण?’ असा प्रश्न विचारला, तर पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही.

बंद यंत्राने काय साधले, हेही पाहायला हवे. १९८५ मध्ये लेझररायटर प्रिंटर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि पेजमेकर हा प्रोग्रॅम एकत्र आले आणि टेबलावर पान रचून छापणे शक्य झाले. पडदा, अक्षरे आणि छपाई यांचा मेळ एकाच हातात असल्याने हे लवकर घडले. मात्र त्यातली पोस्टस्क्रिप्ट ॲपलची नव्हती. ती इतर प्रिंटरांतही गेली, आणि तिच्यामुळेच पान दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागले.

४. जिंकले कोण?

‘पीसी जिंकला’ म्हणताना आयबीएम जिंकली असे आपण नकळत धरतो. इंटेलचा ८०३८६ प्रोसेसर घातलेला पीसी १९८६ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी आणला. मायक्रो चॅनल चालले नाही. २००५ मध्ये आयबीएमने आपला पीसी व्यवसाय लेनोव्होला विकला. फायदा झाला तो मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांचा, म्हणजे जे दोन थर कोणाला सहज नक्कल करता आले नाहीत त्यांच्या मालकांचा. त्यामुळे ‘खुले जिंकले’ यापेक्षा ‘खुल्या थरांत स्पर्धा वाढून किंमत उतरली आणि नफा बंद थरांकडे गेला’ असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

शिवाय खुलेपणा हे पुरेसे कारण असते, तर सीपी/एम चालवणारी एस-१०० बसची यंत्रे मागे पडायला नको होती. तीही अनेक उत्पादक बनवत होते आणि त्यांची कार्डे एकमेकांच्या यंत्रांत बसत. आयबीएमचे नाव, कचेऱ्यांमधील तिची ओळख आणि १९८३ मध्ये आलेला लोटस १-२-३ हा प्रोग्रॅम या कारणांना मांडणीत जागाच नाही. एकाच कारणाने समजावलेला इतिहास शिकवायला सोपा जातो, पण नव्या प्रसंगी वापरता येत नाही.

५. भारतीय भाषांचा अनुभव

या वादाचा आपल्याशी थेट संबंध आहे. डॉसचे प्रोग्रॅम इंग्रजीसाठी लिहिलेले होते आणि त्यांचा कोड हाती नव्हता. अशा वेळी आयआयटी कानपूरमधील संशोधनातून पुढे आलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेले जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले की, त्याच प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या लिहिता-वाचता येऊ लागल्या. ऑपरेटिंग सिस्टीम बंद होती, प्रोग्रॅम बंद होते, पण स्लॉटचा थर खुला होता. तेवढ्या फटीतून देवनागरी, तमिळ, बंगाली पडद्यावर आल्या. खुलेपणाच्या बाजूने याहून चांगला पुरावा आपल्याला शोधावा लागणार नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. जिस्टमागे इस्की ही संकेतप्रणाली होती आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्यात खालचे १२८ संकेत इंग्रजीसाठी जसेच्या तसे ठेवले होते आणि वरच्या भागात भारतीय वर्ण होते. मानक जाहीर असल्यामुळे त्या फाइल्स पुढे युनिकोडमध्ये नेता आल्या. याउलट छपाईसाठी वापरल्या गेलेल्या अनेक फाँटांचे संकेत ज्याच्या त्याच्या मर्जीचे होते. तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. पीसीवरच, ‘खुल्या’ म्हटल्या जाणाऱ्या यंत्रावर टाइप केलेला किती तरी मजकूर आज रूपांतराशिवाय वाचता येत नाही. यंत्र खुले होते, फाइल बंद होती. शेवटी अडवले ते फाइलने.

६. आजच्या निवडीसाठी

पहिल्या वर्षाचे विद्यार्थी विचारतात, ‘सर, मॅक घेऊ, विंडोज की लिनक्स?’ घरच्यांनी साठवलेल्या पैशांचा प्रश्न असतो, म्हणून एका शब्दात उत्तर देणे बरोबर नाही. वरील चर्चेतून चार प्रश्न निघतात.

• प्रोग्रॅमचा थर: अभ्यासक्रमातील कोणता प्रोग्रॅम कुठे चालतो? सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच आहे, आयफोनचे ॲप बनवण्याचे एक्सकोड मॅकवरच चालते, तर सी किंवा पायथन तिन्हींवर शिकता येते.
• हार्डवेअरचा थर: मेमरी आणि डिस्क पुढे वाढवता येतील का? आजच्या मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि अनेक पातळ विंडोज लॅपटॉपांचीही तीच स्थिती आहे. खरेदी करण्याआधी त्या नेमक्या मॉडेलची माहिती पाहावी.
• आयुष्याचा थर: यंत्र चालू असूनही ते जुने कोण ठरवते? विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि टीपीएम २.० व नवा प्रोसेसर नसलेली असंख्य यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीत. त्यांतील बऱ्याच यंत्रांवर लिनक्स व्यवस्थित चालते.
• फाइलचा थर: चार वर्षांनी दुसरीकडे जायचे ठरले तर आपले काम बरोबर नेता येईल का? हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत महाग पडतो.

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाखेनुसार बदलेल. चौथ्याचे बदलत नाही: कोणतेही यंत्र घ्या, मजकूर युनिकोडमध्ये आणि काम जाहीर मानकांच्या स्वरूपात ठेवा.

७. विचारार्थ प्रश्न

१. ‘खुले’ आणि ‘सर्वांना विकत मिळणारे’ यांतील फरक आपल्या मोबाइल फोनच्या थरांना लावून दाखवा.
२. पीसीच्या मदरबोर्डवर स्लॉट नसते, तर १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी कोणता मार्ग उरला असता?
३. आपल्या संगणकातील एक फाइल निवडा. ती ज्या प्रोग्रॅमने बनवली तो काढून टाकल्यास ती उघडता येईल का, हे करून पाहा आणि निष्कर्ष लिहा.